आधी समोरच्याचं म्हणणं

आई, तुझी एक रीत मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवली आणि तिच्यापायी एका मुलीचं शिक्षण सुटलं. बरेच दिवस हे तुला सांगायचं मनात घोळतंय. आणखी कुणाशी बोलले नाही. दादाला फोन केला होता, पण तो म्हणाला, "तू उगाच सगळं अंगाला लावून घेतेस," आणि मग त्याच्या मुलाच्या तापाविषयी बोलत राहिला. त्याचंही बरोबर आहे. मी लहानपणापासून तशीच आहे, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

आता मी नगरला सावेडीत राहते, एका छोट्या संस्थेत काम करते. तू होतीस तेव्हा आपण श्रीरामपूरहून बसने नगरला यायचो आणि कधीतरी लांबून धडधड ऐकू यायची. तू माझ्या कानांवर हात ठेवायचीस आणि म्हणायचीस, लष्कराचा सराव चाललाय. त्या सरावाच्या मैदानाच्या कडेला जी गावं आहेत, तिथे मी जाते. युद्ध तिथे कधी झालं नाही, त्याची तालीम मात्र तिथल्या आजोबांनी ऐकली, बापांनी ऐकली, आता नातवंडं ऐकतात. तोफा सुरू झाल्या की घराचे पत्रे थरथरतात आणि वर्गातली मुलं बोलणं न थांबवता फक्त आवाज चढवतात. मैदानात जायला बंदी आहे. फलक आहेत, लाल निशाण लागतं, लष्कराची माणसं गावात येऊन समजावूनही सांगतात. तरी गोळाबार थांबला की काही जण आत शिरतात, पितळेचे आणि लोखंडाचे तुकडे वेचतात, गोणीत भरून आणतात आणि विकतात. जमीन कोरडी, दुसरं काम म्हणजे ऊसतोड. वेचलेल्यातला एखादा गोळा न फुटलेला असतो. कुणाची बोटं गेली आहेत, कुणाचा डोळा, कुणी परतच आलं नाही. गावात विचारलं तर सांगतात, विहिरीच्या कामात झालं. सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे विहीरच म्हणतात.

अशा गावांतल्या आठवी ते बारावीच्या मुलांना नेतृत्व आणि नागरी कौशल्यं शिकवायची, हे माझं काम. पहिल्या दिवशी मी हे शब्द फळ्यावर लिहिले तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, "ताई, नेता व्हायचं तर आधी पांढरी इस्तरीची कपडे लागत्यात. ती संस्था देती का?" सगळे हसले. मीही हसले. पण मनात आलं, यांना मी काय देणार? ग्रामसभा म्हणजे काय, अर्ज कसा करायचा, ठराव कसा मांडायचा, हे सगळं छापील पुस्तिकेत होतं आणि पुस्तिका वाचताना त्यांचे डोळे मिटत होते. मग मला आपलं स्वयंपाकघर आठवलं.

माझ्या दम्यामुळे पहिली दोन वर्षं तू मला शाळेत पाठवलंच नाहीस. शाळा म्हणजे ओट्याखालचा पाट. माझ्याच औषधांच्या डब्यांवरची अक्षरं मी आधी वाचायला शिकले. तुझ्या हातात लाटणं आणि पाठ माझ्याकडे, तरी मी चुकीचं वाचलं की तुला कळायचं. आणि तुझी ती रीत. मी आणि दादा भांडलो की तू कुणाचंच ऐकून घ्यायची नाहीस. "आधी त्याचं म्हणणं सांग. तो 'हो, हेच' म्हणाला की मग तुझं." ते अंड्याचं भांडण मला अजून दिसतं. दादाने माझी पाटी फोडलीय आणि मी रडतेय. तू विचारतेस, दादाचं काय म्हणणं आहे? मी नाक मुरडून, त्याच्यासारखं तोंड वेडंवाकडं करून सांगायला लागते, तशी तू लाटणं खाली ठेवतेस. "त्याचा आवाज काढू नकोस. त्याचं म्हणणं काढ." मग मला विचार करावा लागतो. मी म्हणते, दादा म्हणतो, हिला रोज अंडं मिळतं कारण ही आजारी आहे, मला मिळत नाही, म्हणून मी रात्री अंगावर पाणी ओतून घेतो, तरी मला ताप येत नाही. हे मला कसं माहीत होतं कोण जाणे, पाहिलं असेल. दादा "हो" म्हणाला आणि हुंदके देऊन रडायला लागला. तू माझ्याकडे वळलीस, "आता तुझं सांग." माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तू उकडलेलं अंडं दोऱ्याने मधोमध कापलंस.

तेच मी वर्गात सुरू केलं. दोघांनी समोरासमोर बसायचं, आधी समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईस्तोवर मांडायचं, मग आपलं. मुलांना तो खेळ फार आवडला. "ए, तू माझं मांडतोय का माझी टर उडवतोय?" अशी भांडणं व्हायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यात सगळ्यांत पुढे होती अकरावीतली एक मुलगी. बारीक अंगाची, सायकलवरून येणारी, बोलताना कानामागची बट सारखी ओढणारी. तिचे वडील मैदानातच गेले होते. तिने हे मला सांगितलं तेव्हा आधी विहीर म्हणाली, मग बट ओढत म्हणाली, "विहीर न्हाई, ताई." तिला, तिच्या आईला आणि धाकट्या भावाला चुलता सांभाळत होता. गावातलं वेचलेलं भंगार विकत घेणारा तोच.

मुलांनी स्वतःच विषय ठरवला: शाळेत जाणाऱ्या पोराला मैदानात कुणी पाठवायचं नाही आणि पोराच्या हातून भंगार कुणी घ्यायचं नाही, असा ठराव ग्रामसभेत मागायचा. बोलायला त्यांनी तिला निवडलं. मी चार वेळा विचारलं, तुला नक्की बोलायचंय ना? ती म्हणाली, "ताई, तुमीच घाबरताय." मी घाबरतच होते. ठरावातले शब्द तपासले, परवानगीची पत्रं तपासली, सरपंचांना भेटून आले. फक्त तुझ्या रीतीकडे मी वळून पाहिलं नाही. ती तुझी होती, तिच्यात खोट असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

सभा शाळेच्या पटांगणात भरली आहे. पुढे सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील. बायका एका बाजूला, पदर तोंडाशी. ती उभी राहते आणि तिला शिकवलं होतं तसंच करते. आधी समोरच्याचं म्हणणं. "माझा काका म्हनतो," ती म्हणते, आणि पटांगणातली चुळबुळ थांबते. "काका म्हनतो, मी कुनाला आत जा म्हनत न्हाई. पोरं आनत्यात, मी घेतो. मी न्हाई घेतलं तर शेजारच्या गावचा घेईल, आन् निम्म्याच भावात घेईल. काका म्हनतो, माझा भाऊ त्याच पायी गेला, मला काय कळत न्हाई का? पर भावाची तीन मानसं माझ्या ताटात जेवत्यात. काका कुनाचं वजन मारत न्हाई." मग ती चुलत्याकडे बघून विचारते, "बरूबर हाय का, काका?"

तो मागे खांबाला टेकून बसलेला. तो "हो" म्हणाला नाही, "नाही" म्हणाला नाही. त्याची मान खाली गेली. बायकांतून कुणीतरी कळवळून म्हणालं, "बास कर गं, माय." पण तिचं अर्धंच झालं होतं. तिने आपलं म्हणणंही नीट मांडलं, न अडखळता. ठराव झाला, कुणी विरोध केला नाही. संस्थेच्या अहवालात ती सभा यशस्वी म्हणून छापून आली आहे, फोटोसकट.

स्वयंपाकघरात आपण घरचेच होतो, आई. तिथे समोरच्याचं म्हणणं मांडलं की भांडण मिटायचं. तिथे पोलीस पाटील बसलेला नसायचा. कधी कुणी उघड न बोललेली गोष्ट त्या मुलीने चुलत्याच्या बाजूने, चुलत्याचीच कड घेऊन, सगळ्या गावासमोर आणि सरकारी माणसांसमोर सांगितली होती. शिव्या दिल्या असत्या तर लोक म्हणाले असते, पोरगी चिडली. तिने दिली ती साक्ष होती. दुसऱ्या दिवशी चुलत्याला चौकीवर बोलावलं, विचारपूस करून सोडलं. त्याने तराजू काढून ठेवला. आता शेजारच्या गावचा माणूस टेम्पो घेऊन येतो आणि भंगार घेतो, खरंच निम्म्या भावात. काही मुलं अजून जातात. आणि ती सायकलवरून यायची थांबली. आधी वर्गाला, मग कॉलेजला. चुलत्याने तिला घरीच ठेवलं.

मी मागच्या आठवड्यात तिच्या घरी गेले. चुलता बाजेवर बसला होता. मला वाटलं होतं, हाकलून देईल. "या," म्हणाला. "बसा. साखरेचा चालंल का गुळाचा?" चहा येईपर्यंत आम्ही पावसाविषयी बोललो. मग मी म्हटलं, तिला कॉलेजला पाठवा, तिचं वर्ष जाईल, चूक माझी आहे. त्याने बशीतला चहा संपवला.

"पोरगी हुशार हाय. ते काय तुमी सांगाया नगं," तो म्हणाला. "ती मला चोर म्हनली असती ना ताई, तर म्या बी चार शिव्या घातल्या असत्या अन् मिटलं असतं. तिनं माझं समदं बरूबर सांगितलं. मला सुदिक येवडं बरूबर सांगता आलं नसतं. आता मानसाला बोलायला काय ऱ्हातं?"

त्याने रिकामी बशी बाजेखाली सरकवली.

"ह्ये कोनी शिकवलं तिला?"

"मी."

"आन् तुमाला?"

"माझ्या आईने."

तो पहिल्यांदाच थोडा हसला. "मास्तरीन हायत व्हय त्या?"

"नाही. घरीच."

"मंग आना की त्यांना एकदा. तुमी लहान, तुमी उद्या लगीन करून जाल, तुमच्या सबदावर पोरगी कशी सोडू? त्या मोठ्या हायत. वहिनीपाशी बसून म्हनू द्या त्यांना, पाठवा पोरीला, आमी हाय मागं. बाईमानूस बाईमानसाला सांगंल. येवढं केलं तर पाठवतो. सोमवारपासून पाठवतो." आणि मग, माझ्याकडे निरखून बघत, "येत्याल ना?"

मी म्हणाले, "येईल."

तुला जाऊन अकरा-बारा वर्षं झाली. मी बारावीत होते. मला फक्त "ती आता नाही" एवढंच म्हणायचं होतं, पण तो सोमवार म्हणाला होता आणि मला त्या मुलीची सायकल कॉलेजच्या रस्त्याला लागलेली दिसली. त्याने लगेच रविवार ठरवला. आत हाक मारून वहिनीला सांगितलं, "रविवारी पाव्हणे हायत, ताईंची आई येतीया."

उद्या रविवार आहे. दुपारपासून हे लिहीत बसले आहे. सोसायटीत लहान मुलं क्रिकेट खेळतायत, चेंडू सारखा आमच्या गॅलरीत येतो आणि मी उठून परत टाकते. उद्या मी एकटीच जाणार आणि खरं काय ते सांगणार. तिची आई काय म्हणेल, चुलता काय म्हणेल, तिला पाठवतील की नाही, मला माहीत नाही. बहुधा नाही. कुणी मोठं बरोबर न्यावं तर कुणाला नेऊ? तुझ्यासारखं बसून बोलेल असं एकही माणूस माझ्या ओळखीत नाही.

एक मात्र तिथे कुणाला सांगणार नाही, तुलाच सांगते. मी "येईल" म्हणाले तेव्हा ती मुलगी उंबऱ्यात उभी होती, हातात माझा रिकामा कप. तुझी रीत वर्गात शिकवली त्याच दिवशी मी मुलांना सांगितलं होतं, माझी आई वारली. ते तिने ऐकलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, कप तसाच धरून. मग काही न बोलता आत गेली. तीच ती मुलगी, जी सगळ्या गावासमोर बोलली होती. आणि आई, ती बोलली नाही याचं मला बरं वाटलं.