अव्वांचे सरगुंडे, डब्यातलं चीज

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर, रविवार, १३ एप्रिल १९८६

तीर्थरूप अव्वांना रत्नम्माचे शरणार्थ.

मी इथं ठीक आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावून घेता, की शेजारच्या उमादेवीला 'उद्या ये' म्हणून परत पाठवता? मला ठाऊक आहे सगळं. इथं नळ आठवड्याला येतो, तोही मनात आलं तर. जिल्हा झाला, कलेक्टर आला, पाणी तेवढं यायचं राहिलं. पण जिल्हा झाला म्हणूनच मला नोकरी लागली, तेव्हा मी जास्त बोलत नाही.

आज एक गंमत झाली. मी फ्रेंच लोकांचं मॅकरोनी केलं! हसू नका. मॅकरोनी म्हणजे गव्हाच्या पोकळ नळ्या. त्या उकडायच्या, दुधा-लोण्याच्या दाट सारात घालायच्या, वर चीज किसायचं आणि लालसर होईस्तोवर भाजायचं. चीज दुधाचंच असतं, खारट, डब्यात मिळतं.

आमच्या ऑफिसात बोअरच्या गाडीवरचे बसवराज येतात. निलंग्याकडचे, आपल्यातलेच. सध्या रेणापूरच्या बाजूला बोअर मारून राहिलेत. आधी पाँडिचेरीला कामाला होते, एका म्हाताऱ्या फ्रेंच बाईंच्या घरी भाड्यानं राहायचे. ती बाई दर रविवारी हे करायची. वरचा पापुद्रा चमच्यानं फोडला की कसा आवाज येतो, हे ते सांगायला लागले की माणसं आपला डबा खायची विसरतात. हैदराबादहून पुडा आणि चीज त्यांनीच आणलं. आमच्या घरमालकीण शिवम्मा सारा वेळ इथंच बसून होत्या, तेही सांगून ठेवते.

पुडा फोडला तर काय, नुसत्या अळ्या! बसवराज असे हिरमुसले की मलाच कसंतरी झालं. एक नळी उचलून बघितली आणि म्हटलं, अहो, हे तर आमचे सरगुंडे! गेल्या उन्हाळ्यात तुम्ही काडीवर वळून, सावलीत वाळवून पाठवले होते ते डब्यात होतेच. ते म्हणाले, "हे चालतील?" मी म्हटलं, "आमच्या अव्वांच्या हातचे आहेत. चालतील काय, पळतील."

सरगुंडे उकडले. तर म्हणतात, आता पाणी ओतून द्यायचं असतं. मी आणि शिवम्मा त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. ओतून? ह्या दुष्काळात? बोअर मारणाऱ्या माणसानं असं बोलावं! त्या पाण्यात मी भाकरीचं पीठ भिजवलं. मग मैदा लोण्यात परतला, दूध घातलं, गुठळ्या झाल्या त्या घोटून मोडल्या. जायफळ किती, हे त्यांना आठवेना. म्हाताऱ्या बाईंची बोटं तेवढी आठवत होती. त्यात सरगुंडे घालून सगळं डब्यात भरलं, वर चीज, त्यावर टोस्टचा चुरा. पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवला, झाकणावर निखारे.

आणि मग काही करायचंच नव्हतं, अव्वा. नुसती वाट बघायची. बाहेर ऊन असं की रस्ता पांढरा दिसत होता. शिवम्मा भिंतीला टेकून पेंगत होत्या. घरभर जायफळाचा आणि खरपूस लोण्याचा वास. माझेही डोळे मिटले. मला वाटलं मी समुद्राकाठी बसले आहे. मी कुठं समुद्र बघितलाय? तरी खारं वारं तोंडाला लागत होतं, लाटा येत होत्या आणि त्यांचा आवाज नव्हता. कुणालाच घाई नव्हती. किती दिवसांनी मला पुढं काय ह्याची भीती वाटली नाही. डोळे उघडले तर बसवराज पुठ्ठ्यानं वारा घालत होते. निखाऱ्यांना हं.

लई चांगलं झालं. पापुद्रा खरंच कडकडला. शिवम्मांनी 'वास येतो बाई' म्हणत दोनदा वाढून घेतलं.

आता आणखी काय लिहू? नळ झाला, गुडघे झाले, मॅकरोनी झालं. जे लिहायला बसले ते लिहिते. बसवराजांची बायको वारली, मूलबाळ नाही. त्यांनी मला लग्नाचं विचारलं आहे. मी हाव म्हटलं नाही, न्हाईही म्हटलं नाही. आपल्यात विधवेची उडकी होते, दुसऱ्या लग्नाला कुणी अडवत नाही, ठाऊक आहे. पण मला तुम्हाला विचारायचं आहे. हे गेले तेव्हा तुमचा पोटचा मुलगा गेला होता, आणि तुम्ही माझ्या तोंडात घास घालत बसला होतात. मी दुसऱ्या घरी गेले तर तुम्हाला कोण? बसवराज म्हणतात, अव्वांना इकडंच आणू. पण तुम्ही काय सामान आहात उचलून आणायला? तुमचं मन दुखणार असेल तर हे इथंच थांबेल. मी कुरकुरणार नाही. खोटं कशाला लिहू, कुरकुरेन. पण थांबवीन.

तुम्ही हाव म्हणा की न्हाई म्हणा,
तुमचीच सून,
रत्नम्मा

॥ ॥

उदगीर, शुक्रवार

चि. रत्नम्माला अव्वाचा आशीर्वाद.

उमादेवीला म्हनलं, मी बोलते तसंच लिही, सुधरू नको.

एवढं लांबलचक पत्र, आन् कामाची गोष्ट शेपटाला! मला तर अळ्यांपाशीच कळलं होतं. पुरुष हिरमुसला आन् तुला कसंतरी झालं, मंग राहिलं काय? सरगुंडे खपले, बरं झालं. त्यांना कीड लागत न्हाई, मी नीट वाळवते.

माझा लेक शिवमूर्ती मांडीवर होता तवा माझं कुंकू गेलं. आपल्यात उडकी तवाबी होती. पर मला कुनी इचारलं न्हाई, आन् मीबी तोंड उघडलं न्हाई. एक मानूस होता. जाऊ दे. उमादेवी इथं लिहायची थांबली हाय, तिला म्हनलं लिही.

माझ्या लेकासाठी मी रडते, रडनारच. तू तिथं एकटी बसल्यानं तो माघारी येत न्हाई. माझी काळजी सोड. मी उदगीर सोडनार न्हाई. सनाला दोघं येत जा. मला वाटलं तर मीच लातूरला येईन, चार दिस राहीन.

आता ऐक. उडकी लोक अंधारात उरकत्यात, मागल्या दारानं, चार मानसांत. तसं करायचं न्हाई. भर दुपारी, माझ्या दारात, मांडव घालून करायचं. ताशावाल्यालाबी सांगते. तुझी आई न्हाई, तिच्या पाटावर मी बसनार. विधवा हाय, उठ म्हनून कुनीबी म्हनू दे, मी उठनार न्हाई.

तुझी अव्वा,
शरणम्मा