हिरव्या कोर्टावर कुरडया

घाटंजी,
बोंडअळीच्या सालानंतरचा उन्हाळा

आदरणीय रुखमाबाईस,

तुह्या धाकट्या उकंडाचा जयभीम. भाऊजींलेही जयभीम, आणि पत्र वाचून दाखवणाऱ्या ममता सूनबाईले आशीर्वाद (सूनबाई, मागच्या पत्रातलं माह्या पोटदुखीचं तू गाळलं असं कळलं, या खेपेस सगळं वाचजो). बाई, तुहे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला कमी झाला का? माही तब्येत चांगली आहे, पण विचारायले कोणी नाही, त्यामुळं ती चांगली असून काही उपयोग होऊन नाही राह्यला. फोनवर तुले ऐकू येत नाही, तू नुसतं 'हो हो' करते, म्हणून हे लिहिणं.

तर झालं असं, की उन्हाळ्याच्या तोंडावर राजदीपचा पुण्याहून फोन आला. म्हणे, बाबा, सम्यकाले गावात करमत नाही, खेळायले जागा नाही. (माही नात बॅडमिंटनची वेडी आहे हे तुले ठाऊकच आहे.) झालं! लेकरू जागेपायी येत नाही, हे माह्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. आंगण तर रिकामंच पडलं होतं. तुही भावजय सत्यशीला गेली तेव्हापासून तिथं कोणी मनापासून झाडूही मारला नाही. मी अमरावतीहून दोन माणसं बोलावली अन् सगळ्या आंगणात प्लास्टिकचं गवत अंथरून घेतलं. हिरवंगार, वरून पांढऱ्या पट्ट्या, मधात जाळी. गल्लीतली माणसं फाटकाशी उभी राहून पाहत. वावरातला कापूस अळीनं खाल्ला, म्हणून उकंडानं अळी न लागणारं पीक काढलं, असं चावडीवर बोलणं झालं म्हणते.

आता आपल्याकडचं ऊन तुले सांगायले नको. मी जन्मभर एस.टी. चालवली, भर उन्हाळ्यात इंजिनाच्या झाकणाशी पाय ठेवून पांढरकवड्याच्या खेपा केल्या, पण असा चटका कधी बसला नव्हता. दुपारी चप्पल काढून कौतुकानं पाय ठेवला अन् एका उडीत ओट्यावर आलो (या वयात उडी जमते हे तेव्हाच कळलं). त्यात अवकाळी सर आली. मले वाटलं, चला, थंडं झालं. कशाचं काय! खालून वाफ, वरून वाफ, अन् मधात मी, डाळीच्या फुणक्यासारखा उकडून निघालो. बसवणाऱ्याले फोन केला तर तो म्हणे, काका, पाणी मारत जा. आता तूच सांग बाई, तापलेलं आंगण नुसत्या पाण्यानं थंडं होते का? आपल्या मायनं ते कायनं थंडं केलं? शेणानं. मी शेजारच्या सुखीबाईच्या गोठ्यातून घमेलंभर शेण आणलं, बादलीत कालवलं अन् गुडघ्यावर बसून साऱ्या कोर्टाले सारवण घातलं. दुपारपर्यंत त्याचा असा पापडा धरला की हिरवं गेलं, पट्ट्या गेल्या, जाळी तेवढी राह्यली. त्या माणसाले फोटो धाडला. तेव्हापासून तो माहा फोन उचलत नाही.

पण खरी गंमत पुढंच आहे. तोवर बायका फाटकाच्या आत येत नव्हत्या. बापा, महागाचं हाय, पाय कसा ठेवावा, असं म्हणून बाहेरूनच जायच्या. शेण दिसलं अन् सुखीबाई सरळ आत आली, मधात उभी राह्यली अन् म्हणे, "हां, आता कसं आंगण वाटते!" दुसऱ्या दिवशी तिची बाज आली, जुनी लुगडी आली, गव्हाचा चीक आला. मागून हंसाबाई आली, मग अर्धी गल्ली. खालून ताव, वरून ताव, सकाळी घातलेली कुरडई दुपारी कडकडीत. मले राखणीवर बसवलं. सम्यकाची रॅकेट घेऊन मी जाळीपाशी उभा, कावळा आला की हाण. माहा हात असा सुधारला म्हणून सांगू! जरा डोळा लागला की सुखीबाई ओरडे, "उकंडाभाऊ, झोपा काढून राह्यले का?" बाई, मले रागावणारं कोणी होतं. लय दिवसांनी होतं.

आता कुरडया डब्यात गेल्या अन् बायका आपापल्या घरी. काल मी सवयीनं दिवसभर रॅकेट घेऊन बसलो. कावळेसुद्धा आले नाहीत. संध्याकाळी फाटक लावताना मले रडू आलं, उगाच कायले लपवू.

म्हणून म्हणतो, तुमच्या राजूरले कोळशाची धूळ, तिथं वाळवण घातलं की कुरडया काळ्या पडतात असं तूच म्हणते. तर चीक घेऊन इकडे ये. मिरग लागायले वेळ आहे.

तुहा भाऊ,
उकंडा

ता. क. : सम्यका कधी येणार, असं तू विचारशीन. ती नाही येत. तिचं सुटीत खेळाचं शिबिर आहे. राजदीपनं हे मले अमरावतीची माणसं आंगण सपाट करत होती तेव्हाच सांगितलं होतं. मी काम थांबवलं नाही. ते दोघं आंगणात एकमेकांशी भांडत, गाणे लावत, घडीघडी चहा मागत. थांबवलं असतं तर निघून गेले असते.

आणखी ता. क. : चीक नाही आणला तरी चालते. कुरडयांचं मी असंच लिहिलं. जाळीच्या पल्याड, सावलीले, तुह्यासाठी खुर्ची मांडून ठेवली आहे. तुले खेळायचं नाही, नुसतं बसायचं. मी मारलेलं पिसाचं फूल तुह्यापाशी पडलं तर वाकू नको. मीच येईन उचलायले.