जखमींचा तंबू

सोमवार, १४ नोव्हेंबर

प्रिय राजा,

तुला, सूनबाईला आणि आपल्या छोटीला पोटभर आशीर्वाद. छोटीचा पुढचा दात पडलेला फोटो मी फ्रिजवर लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण आयुष्यभर वॉर्डात उभी राहिले त्या मानाने बराच समजूतदार आहे. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना आता माझ्या कठड्यावरची धूळ दिसायला लागली आहे, त्यामुळे आमचं जरा बिनसलंय.

तू घराबद्दल विचारलंस, त्याचं लिहितेच. आधी बाकीचं सांगते. फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतोस, म्हणून कागद घेऊन बसले.

तू गेलास तेव्हा मला वाटलं होतं, तुझ्या खोलीतला रविवार दुपारचा गोंगाट आता संपला. पण ते अवाढव्य टेबल तू खोलीतच ठोकून बनवलेलंस, ते काही दारातून बाहेर निघेना. म्हणून तुझी मंडळी इथेच येत राहिली. बेकरीवाला पावशेर, चष्म्याच्या दुकानातला भिंगऱ्या आणि मास्तरीण. मी चहा द्यायचे आणि दारातून बघायचे. हिरवं कापड, बुचाच्या टेकड्या, स्पंज फाडून केलेली झुडपं आणि तुमच्या त्या लढाईच्या खेळातले बोटाच्या पेराएवढे सैनिक. मोजपट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि वाद घालायचा.

हळूहळू नुसता वादच उरला. भिंगऱ्याला जुळी झाली, तो डोळे उघडे ठेवून झोपायला शिकला. पावशेर पहाटे भट्टी लावून आलेला असायचा, त्याची पाळी यायची तेव्हा तो टेकडीवर डोकं ठेवून घोरत असायचा. मास्तरीण पेपर तपासायला घेऊन यायची. एक लढाई संपायला तीन रविवार लागायचे, आणि त्यातला निम्मा वेळ नियमांच्या पुस्तकातला एकच परिच्छेद तिघं तीन प्रकारे वाचण्यात. मग कुणी ना कुणी येईनासं झालं. तू तिकडून विचारायचास, "खेळ चालू आहे ना?" आणि सगळे एका सुरात "हो हो" म्हणायचे. मीसुद्धा.

एका रविवारी एकटा पावशेर आला. टेबलासमोर बसून राहिला. मी चहाचा कप ठेवला तर म्हणाला, "काकू, राजाची फौज तुम्ही चालवता का? फासे तेवढे टाका, बाकी मी सांगतो."

टाकले. पहिल्याच चालीत माझे पाच जण पडले. पावशेरने ते उचलले आणि डब्यात टाकायला लागला.

मी म्हटलं, "अरे, थांब! कुठे घेऊन चाललास?"

"मेले ना ते, काकू."

"मेले कशावरून? नाडी बघितलीस?"

तो इतका हसला की त्याचे दोन घोडेस्वार आडवे झाले. पण मी खरंच बोलत होते. एवढी वर्षं नोकरी केली, पडलेल्या माणसाला कुणी तपासल्याशिवाय गेला म्हणू दिलं नाही, आणि आता माझ्याच घरात हे चालवून घेऊ? मी उशीचा जुना अभ्रा कापून छोटा पांढरा तंबू शिवला आणि टेबलाच्या कोपऱ्यात उभा केला. नियम असा केला की पडलेला सैनिक आधी जखमी. दोन साथीदारांनी त्याला उचलून तंबूपर्यंत आणला तर तो आत. खेळ संपल्यावर प्रत्येक जखमीसाठी एक फासा. एक पडला तर गेला बिचारा. सहा पडला तर पुढच्या रविवारी मैदानात. मधलं काही पडलं तर आठवडाभर तंबूत मुक्काम आणि मग पुन्हा फासा.

या तंबूने काय केलं माहीत आहे? बुधवारी बेकरीतून पावशेरचा फोन. "काकू, माझा झेंडेवाला कसा आहे?"

मी म्हटलं, "रात्र बरी गेली. ताप उतरलाय. पण भेटायला रविवारशिवाय सोडत नाही."

त्याने ते मास्तरणीला सांगितलं. ती नुसती तंबू बघायला म्हणून आली आणि बाह्या वर करून बसली. भिंगऱ्याला राहवेना, तोही आला, एका खांद्यावर एक जुळं घेऊन. मी ते जुळं माझ्याकडे घेतलं आणि एका हाताने लढले.

मग आम्ही बसून ठरवलं. मोठ्या लढाया बंद. प्रत्येकाचे दहा-बारा सैनिक, आणि जुळ्यांच्या आंघोळीच्या आत खेळ संपला पाहिजे. दर आठवड्याला प्रत्येकाने एकच नवा सैनिक रंगवून आणायचा. एकच. न रंगवलेले शंभर घरी पडून असतील, त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. भिंगऱ्या दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये दुकानातल्या भिंगाखाली रंगवतो. त्याच्या सैनिकांच्या मिशांचा केस न् केस मोजून घ्यावा. पावशेरचे सगळे सैनिक तिरळे असतात, पण त्याला ते फार देखणे वाटतात. आणि खेळ चालू असताना जो नियमांचं पुस्तक उघडेल, त्याने भांडी घासायची. मास्तरणीने दोनदा घासली. आता पुस्तक कुठे आहे हेच कुणाला आठवत नाही.

तू मागे म्हणाला होतास, "आई, ते सैनिक कुणाला तरी देऊन टाक, मला आता कुठे वेळ मिळणार." तर ते दिलेले नाहीत. तू अर्धवट सोडलेले करडे सैनिक मी रंगवले. पिवळे. तुला पिवळा आवडत नाही हे मला माहीत आहे. मला आवडतो.

आता कालचं सांगते.

काल पुलाची लढाई होती. मास्तरीण पूल अडवून बसलेली, माझे पिवळे नदीत कमरेपर्यंत. तेवढ्यात बेल वाजली. घर विकण्यासाठी तू ज्या दलालाशी बोलला होतास तो एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आला. येणार हे त्याने मला कळवलं होतं. मी या तिघांना सांगितलं नव्हतं. सांगू, सांगू म्हणत राहिले.

जोडपं चांगलं होतं. बाईने खिडक्या उघडून बघितल्या, कपाटं उघडून बघितली. मग या खोलीच्या दारात येऊन विचारलं, "हे सगळं निघेल ना? इथे आम्हाला आईंचा पलंग ठेवायचाय."

दलाल म्हणाला, "निघेल तर. बाई मुलाकडे जाणार आहेत कायमच्या."

पावशेरच्या मुठीत फासे होते, ते तसेच राहिले. भिंगऱ्याने उगाच चष्मा काढून पुसला. मग मास्तरीण म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात, "काकू, चाल तुमची आहे."

मी खेळले. काय खेळले ते मला सांगता येणार नाही. पूल गेला एवढं खरं.

ती मंडळी गेल्यावर मला वाटलं, आता हे रुसतील. भिंगऱ्या म्हणाला, "काकू, लेकाकडे जायलाच हवं. नात आहे तिकडे. टेबलाची काळजी करू नका, दोन तुकडे करून माझ्या दुकानाच्या मागे नेतो." पावशेर म्हणाला, "आणि तुमच्या फौजेची चाल तुम्ही फोनवरून सांगा. मोजपट्टी मी धरीन. बेइमानी करणार नाही." मास्तरणीने तंबूतल्या जखमींसाठी फासे टाकले, माझ्या जखमींसाठीही टाकले, आणि मला काही न विचारता सगळी भांडी घासून ठेवली.

ते गेल्यावर मी टेबलाशी बसले. राजा, त्यांनी मला धरून ठेवलं असतं, रडून-भेकून दाखवलं असतं, तर मी कदाचित तुझ्याकडे निघून आले असते. मला वाटलं असतं, यांना सवय लागली आहे, सुटेल. पण त्यांनी मला मोकळं सोडलं. तेव्हा लक्षात आलं की मला जायचंच नाहीये.

तू खोली तयार ठेवली आहेस, पडदेसुद्धा लावलेत. मला ठाऊक आहे तू काय विचार करून लावलेस. आई एकटी आहे, दुपारी कुणाशी बोलत असेल, पडली तर कुणाला कळेल. पहिल्या वर्षी तू बोलावलं असतंस तर मी धावत आले असते. तेव्हा मी घड्याळाशी बोलत होते. ते तुला कधी सांगितलं नाही आणि आता सांगून उपयोगही नाही, कारण ते दिवस गेले. आता पडले तर पावशेरला रविवारच्या आत कळतं. रोज सकाळी ताजा पाव द्यायला तोच दारात येतो, आणि पाव हे निव्वळ निमित्त आहे.

म्हणून आज सकाळी मी दलालाला फोन करून घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. तो तुला कळवेलच. त्याच्या आधी माझ्याकडून तुला कळावं म्हणून हे पत्र आत्ताच टाकायला निघते आहे. रागावलास तरी चालेल, पण माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नकोस. त्याची गरज नाही.

छोटीच्या सुट्टीत मी महिनाभर येईन. एखादा रविवार चुकला तर जग बुडत नाही, चार चुकले तर बघू. नाहीतर तुम्हीच या. झोपायची सोय बाहेरच्या खोलीत करू.

औषधं वेळेवर घेते. तूही जेवत जा.

तुझीच, पण इथेच राहणारी,
आई