माझी हरकत आणि बाकीची मालमत्ता

मी, जाईबाई धर्मा मोहिते, वय वर्षे अडुसष्ट, राहणार डिलाईल रोड, मुंबई, पूर्वीचा धंदा गिरणीत वाइंडिंग खाते, सध्याचा धंदा कोर्टात तारखा घेणे, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. छाती नाही, ती कापसाच्या धुळीने भरली, असे डॉक्टर म्हणतात. हे मी कुणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहीत नाही. दोन्ही करून पाहणारे येऊन गेले. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, कारण माझ्याकडे देण्यासारखे काही आहे हे वकिलांनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हते.

१. खोली पागडीची आहे, म्हणजे भाडेकरूचा हक्क तेवढा माझा. तो मुलगा रामदास आणि सून बकुळा या दोघांच्या नावे करते. पावतीवर बकुळाचे नाव आत्ताच लागले पाहिजे. माझे लागायला नवरा मरावा लागला.

२. बँकेत जे असेल त्यात माझे शेवटचे उरकावे. त्रिशरण-पंचशील म्हणावे. भाषणे नकोत, आणि शेजारच्या अण्णांच्या हाती माईक तर देऊच नये.

३. धागा कापायची छोटी कात्री बकुळाला. ती साड्यांना फॉल लावते, उपयोगी पडेल. संपात घरातली भांडी गेली, डोरले गेले. कात्री विकत घ्यायला कुणी तयार झाले नाही म्हणून राहिली.

४. हातात धरायचा लाऊडस्पीकर शेवंताला. शेवंता माझगावची कोळीण, आमच्या नाक्यावर मासळी विकते. तिच्या आवाजाला लाऊडस्पीकरची गरज नाही, पण मोर्चात तो हाती धरायची तिला हौस आहे.

त्या मोर्चांचे कारण इथे लिहायला हवे. संप फिसकटला, गिरणी बंद पडली, रामदासचे वडील घरी बसले ते पुन्हा उठलेच नाहीत. गिरणीमागचे तळे मात्र राहिले. पूर्वी त्याचे पाणी बॉयलरला जाई. पुढे काठावर जांभळी वाढल्या, खंड्या आणि पाणकोंबड्या येऊ लागल्या, आणि नळ कोरडे असले की चाळीतल्या बायका तिथे धुणे धुवायला जात. मग जमीन बिल्डरने घेतली आणि तळे बुजवून गाड्या ठेवायची इमारत बांधायचे ठरवले. कारण सांगितले डासांचे. आम्ही तळे वाचवा समिती काढली आणि पाण्यात गप्पी मासे सोडले. शेवंताने बादलीत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "ही मासली? ह्यांचा कालवन पन नाय व्हनार." पण बादल्या तिनेच वाहिल्या. डास कमी झाले. बिल्डरचे कारण तेच राहिले.

५. रामचंद्र साळसकर ऊर्फ अण्णा, समितीचे अध्यक्ष व माझे शेजारी, यांना मी काही देत नाही. तळ्याबाबत 'हरकती व सूचना' मागवल्या होत्या, त्याची सुनावणी एका कचेरीत होती. साहेब उशिरा आले आणि म्हणाले, "तुम्हाला थांबावं लागलं." अण्णा उठले, तोंडभर हसले आणि म्हणाले, "हरकत नाय, सायेब." कारकुनाने लिहून घेतले, उपस्थित रहिवाशांची हरकत नाही. हजेरीच्या म्हणून घेतलेल्या सह्या खाली होत्याच. मी त्या वेळी बाहेर जिन्यात खोकत होते, त्यामुळे माझी सही त्यात नव्हती. मी नंतर खिडकीवर वेगळा अर्ज देऊन शिक्का घेतला. अशा रीतीने साऱ्या वस्तीची मिळून एकच हरकत नोंदली गेली, ती माझी. कोर्टातला दावा आणि बुजवण्यावरची स्थगिती तिच्यावरच उभी आहे. अण्णांनी ते दोन शब्द तेव्हापासून टाकलेत. चहात साखर नसली तरी "चलात" म्हणतात. मला त्यांचा राग आहे. तो माझ्याबरोबर जाईल, वारसांत वाटू नये.

६. आता ती हरकत. वकील सांगतात, मी गेल्यावर वारसाने दाव्यात नाव लावले नाही तर दावा तिथेच संपतो आणि स्थगिती उठते. मातीचे ट्रक यायला मग वेळ लागणार नाही.

रामदास त्याच गिरणीच्या गेटवर बिल्डरचा वॉचमन आहे. मोर्चा घेऊन गेले की त्याने मला कधी अडवले नाही, कधी ओळखही दाखवली नाही. घरी एकदा म्हणाला, "आई, तुझं तळं राहिलं तर माझी नोकरी जाणार. मग खायचं काय, गप्पी?" त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. संपात उपाशी झोपणारे पोर मी पाहिले आहे. ते पोर म्हणजे हाच.

समितीचे म्हणणे, हरकत बकुळाच्या नावे करा, ती हो म्हणेल. म्हणेलही. पण नवऱ्याच्या पगाराविरुद्ध बायकोला उभे करणे मला पटत नाही. म्हणून माझी हरकत मी रामदासला देते. अट घालत नाही. चालवली तरी खोली त्याची, मागे घेतली तरी खोली त्याची. तळे जाईल याची मला भीती वाटते. ते माझ्या मुलाच्या हातून जाईल याची जास्त वाटते. तरी दुसऱ्या कुणाला द्यावी असे मनाला येत नाही.

वरील मजकूर मी आज खोलीत सर्वांना वाचून दाखवला. रामदास ड्युटीवर निघाला होता, गणवेशाचा पट्टा आवळत होता. त्याने विचारले, "पुढची तारीख कधी?" वकिलांनी सांगितली. तो म्हणाला, "तेव्हा माझी सकाळपाळी आहे. बदलून घ्यावी लागेल." मग तो गेला. हे मृत्युपत्रात बसत नाही असे वकील म्हणाले. मी बसवले.

लिहून ठेवणार: जाईबाई धर्मा मोहिते (सही)

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. रामचंद्र धोंडू साळसकर (सही). यांना यातून काहीच मिळत नसल्याने साक्षीला चालतात.
२. दगडू भिवा शिर्के, शेजारची खोली (सही)

ठिकाण: डिलाईल रोड, मुंबई
दिनांक: ९ फेब्रुवारी २००३