फुल कव्हरेज

३ फेब्रुवारी, सोमवार

अंबडवाल्यांचा फोन आला. नकार. पोरीला पुढं शिकायचंय म्हणे. रामकिसनमामा म्हणले, "सोमेश्वर, मनाला लावून घेऊ नको, दुसरं बघू." खरं कारण मला माहीत हाय. गाल.

दहावीत पिंपल्स आले. गेले तवा खड्डे अन् काळे डाग ठेवून गेले. कॉलेजात पोरं 'चाळणी' म्हणायची. पोरीबी म्हणायच्या, पण हळू.

बाकी माझ्यात काय कमी हाय? भोकरदनला स्वतःचं झेरॉक्स अन् ऑनलाइन सेंटर. पिंपळगावला घर, शेती. स्वभाव मोकळा, जे हाय ते तोंडावर बोलतो. अंबडच्या पोरीलाबी म्हणलो, तुझं इंग्लिश कच्चं दिसतं, मी शिकवीन. आजकाल कोण एवढं म्हणतं?

निर्णय झाला. कन्सीलर, डाग झाकायची क्रीम. मेकअप न्हाई, मेकअप बायका करतात. ही ट्रीटमेंट हाय. फुल कव्हरेज पाहिजे अन् खिशाला परवडणारं पाहिजे. ह्या सीझनला लग्न फिक्स.

५ फेब्रुवारी

बेबीनंदाताईंच्या लेडीज जनरल स्टोअरला गेल्तो. गर्दी कमी व्हायची वाट बघत रस्त्यापलीकडं दोन चहा झाले. बहिणीसाठी पाहिजे म्हणलो.

त्यांनी विचारलं, बहिणीचा रंग कसा?
माझ्यासारखाच.
अन् डाग?
तेबी माझ्यासारखेच.

त्या माझ्याकडं बघत राह्यल्या. हसल्या न्हाईत, हे त्यांचं चांगलं. एक स्टिक दिली. सगळ्यात स्वस्त.

सेंटरवर येऊन लावली. भिंतीवर पुट्टीचे ठिपके मारावेत तसं दिसत होतं. तेवढ्यात सातबारा काढायला एक म्हातारे आले. म्हणले, "सायेब, चुना लागलाय गालाला."

दोष शेडचा हाय. माझा न्हाई.

९ फेब्रुवारी, रविवार

जुना जालना. भोकरदनच्या दुकानांत व्हरायटीच न्हाई, म्हणून सकाळच्या बसनं निघालो. ऑटोवाल्यांच्या शिव्या खात गल्लीतलं होलसेल दुकान हुडकलं. मालक म्हणला, एक पीस नहीं मिलेगा, डझन लेना पडेगा. डझन कन्सीलर घेऊन मी काय पार्लर टाकू?

मंग त्यानं नाटकवाले तोंडाला थापतात तो पॅनकेक दाखवला. "इसमें सब छुप जाता है भाई, शकल भी."

काही न घेता निघालो. माणसाला बोलायची पद्धत पाहिजे.

२० फेब्रुवारी

मागच्या आठवड्यात कन्सीलर ऑनलाइन मागवला. शेड 'हनी'. पार्सल घरी आलं तवा मी सेंटरवर. संध्याकाळी पिंपळगावला पोचलो तर आई ओट्यावर पाय पसरून बसल्ती. दोन्ही टाचा गुळगुळीत. भेगांचं मलम समजून सगळी ट्यूब टाचांना लावून टाकली. शेजारच्या साळूबाईला सांगत होती, "पोरगा बोलत न्हाई, पण काळजी करतो."

काय सांगणार?

पण एक सिद्ध झालं. आईच्या टाचांच्या भेगा ज्यानं झाकल्या, त्याच्यापुढं माझे गाल काहीच न्हाईत. दुसरी ट्यूब मागवली. ह्या वेळी सेंटरच्या पत्त्यावर.

३० मार्च, पाडवा

मामांनी स्थळ आणलं. जाफराबाद. पोरीचं नाव शिवकन्या, तिथल्याच एका लॅबमध्ये टेक्निशियन. फोटो बघितला. चेहरा एकदम साफ, एक डाग न्हाई. लगेच हो म्हणलो.

माझाबी फोटो पाठवला. कॉम्प्युटरवर गाल जरा साफ केले. अर्ध्या तालुक्याच्या बायोडाट्याचे फोटो मीच साफ करतो, त्यात लपवाछपवी काही न्हाई. टापटीप म्हणतात त्याला.

१० एप्रिल

तृप्तीनं पकडलं. टॉवेलवर बदामी डाग दिसले. धाकटी बहीण हाय, पण चौकशी पोलिसासारखी करते. म्हणली, "दादा, ह्यानं रंग झाकतो, खड्डे न्हाई झाकत. अन् उन्हात हे टिकत न्हाई. त्यापेक्षा तसाच जा की."

पार्लरचा कोर्स काय केला, स्वतःला डॉक्टर समजून राह्यली. म्हणलो, तुला जमलं असतं तर तुझं तरी पार्लर चाललं असतं. ती उठून आत गेली. खरं बोललं की लोकांना लागतं.

१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी

जाफराबादहून आत्ताच आलो. डोकं सुन्न हाय.

सकाळी दोन थर लावलेले. आरशात मीच मला ओळखलं न्हाई, इतकं बराबर बसलं होतं. मामा, आई, मी. तृप्ती आली न्हाई, डोकं दुखतं म्हणली. त्यांच्या घरी पोचलो अन् लाईट गेली. एप्रिलचं ऊन, पत्र्याची खोली. चहा हातात आला तवा कानामागून घामाची धार लागल्ती. पोरीचे वडील सांडूआप्पा, भला माणूस, त्यांनी पांढरा नॅपकिन पुढं केला. पुसला. नॅपकिन बदामी. सगळे नॅपकिनकडं बघून राह्यले. म्हणलो, रस्त्यावर फार धूळ हाय.

मंग शिवकन्या आली.

तोंड नुसतं पाण्यानं धुतलेलं. दोन्ही गालांवर डाग, कपाळावर डाग. माझ्यापेक्षा जास्तच. वर काहीच लावलेलं न्हाई, साधी पावडर न्हाई! म्हणजे फोटोत सरळसरळ फसवणूक. माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण मी चेहऱ्यावर काही दाखवलं न्हाई. (होतं तेवढं त्या नॅपकिनला गेल्तं.)

आम्हाला मागच्या ओट्यावर बोलायला पाठवलं. तीच आधी बोलली. "फोटो स्टुडिओवाल्यानं साफ केला. मी नको म्हणलं होतं. म्हणून आज तशीच आले." मंग म्हणली, "तुम्हालाबी लोकं काही म्हणायचे का हो?"

मी म्हणलो, न्हाई, मला एवढे नव्हते.

तरीबी माणुसकी म्हणून तिला गाईड केलं. तिच्या रंगाला कोणती शेड, आधी केशरी करेक्टर, वरून कन्सीलर, चोळायचा न्हाई, बोटानं थापायचा. एवढी माहिती तिला फुकटात कोण देणार? ती ऐकत होती. मधी एकदा तिनं विचारलं, तुम्हाला काय आवडतं? म्हणलो, साफ स्किन. जोक होता. तिला कळला न्हाई.

१५ एप्रिल

मामांना सांगून टाकलं. मला पसंत न्हाई, डाग हायत.

मामांनी हातातला चहा खाली ठेवला. मंग म्हणले, "बरं. आपणच न्हाई म्हणलं असं समज." नीट ऐकलं न्हाई, मी खुशीत होतो. आजपर्यंत सगळ्यांनी मला नकार दिला. आज पहिल्यांदा मी दिला. काय रुबाब असतो माणसाचा!

आई भाकरी वाढताना म्हणली, "तुझे डाग मी कधी मोजले न्हाईत रे." तिला काय कळतं. अर्धी भाकरी तशीच राह्यली. गर्मीनं भूक लागत न्हाई.

२७ एप्रिल, रविवार

कामात लक्ष लागून न्हाई राह्यलं. एका पोराचा फोटो साफ करता करता नाकच पुसलं. तो तसाच फॉर्मला लावला अन् त्यानं येऊन भांडण केलं.

लोकं काही म्हणायचे का हो. हे मला आजपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांनी नुसतं म्हणलं. विचारताना तिचा हात आपोआप गालाकडं गेल्ता. माझाबी जातो, तसाच.

विचार करून ठरवलं. मोठ्या मनानं तिला माफ करायचं. फोटोचा विषय काढायचा न्हाई. डाग काय, झाकता येतात. माझा होकार ऐकून सांडूआप्पांना रडूच येईल. मामांना आधी सांगत न्हाई, सरप्राइज देतो.

४ मे, रविवार

फोन केला. तिलाच. बायोडाट्यावर नंबर होता.

म्हणलो, मी नकार मागं घेतो. मला तुमचे डाग चालतील.

ती काही बोलंना. मला वाटलं आनंदानं बोलता येत नसंल. मंग म्हणली, "तुमचा कसला नकार? मी तर त्याच दिवशी न्हाई म्हणलं होतं. रात्रीच बाबांनी तुमच्या मामांना फोन केल्ता. त्यांनी सांगितलं न्हाई का?"

मी विचारलं, चेहऱ्यामुळं का?

"न्हाई हो. चेहऱ्याचं काहीच नव्हतं. मला वाटलं होतं, ह्या माणसाला तरी कळंल. पण लोकांनी मला जे जन्मभर ऐकवलं तेच तुम्ही ऐकवलं. वर शेडबी सांगितली." चिडून न्हाई बोलली. दमलेल्या माणसासारखी बोलली. मंग ठेवते म्हणली अन् ठेवला.

मामांकडं गेलो. का लपवलं, विचारलं. मामा गोठ्यात शेण काढत होते. मान वर न करता म्हणले, "तू खुशीत होता. म्हणलं राहू दे." बाकीच्या पोरींनी का नकार दिल्ता, हे विचारायला तोंड उघडलं अन् मिटलं.

घरी येऊन तोंड धुतलं. आरशापुढं उभा राह्यलो. गाल हाय तसेच.

चेहऱ्यामुळं असतं तर काहीतरी लावता तरी आलं असतं.