दोन ठिपके

ता. ४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. या वेळी त्यातला एकच धर, तोही हात आखडून दिलेला.

आईचं कार्ड तुलाही आलं असणार. जिन्यावर पाय घसरला, तेव्हापासून दुखतोय, एवढंच लिहिलंय तिने. त्यावर तू तिला काय कळवलंस, ते तिने मला सांगितलं. दुःखाचं मूळ तृष्णेत असतं म्हणे, आणि तिने त्या घराची, त्या जिन्याची, आपली दोघांचीसुद्धा आसक्ती सोडावी! अरे, सत्तरी उलटलेल्या बाईला लेकरांची माया सोडायला सांगतोस? दिवसभर लोकांना चष्मे लावतोस आणि स्वतःला आई दिसत नाही. आमचा प्रभू मित्राच्या थडग्यापाशी रडला. माया नसती तर रडला असता का? तुझा ध्यानवर्ग तुला लखलाभ. आईच्या डोक्यात हा भुसा भरू नकोस.

मला शाळेच्या परीक्षांमुळे हलता येत नाही. तू जवळ आहेस, तू जा. लोभ ठेवायचा की नाही, ते तूच ठरव.

ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. यातली विनंती वगळ, विशेष तेवढं वाच.

मला दोष देतेस, आणि स्वतः आईला काय लिहिलंस? दुःख हा आपल्या वाट्याचा क्रूस आहे, तो मुकाट्याने खांद्यावर घे, सोसल्याने आत्मा शुद्ध होतो! तेही तिने मला कळवलंय. बाप्तिस्मा घेतल्यापासून कुणी कण्हताना दिसलं की तुला बरंच वाटतं, असं मला वाटू लागलंय. तुम्ही दुःखाचे गोडवे गा. आमच्या तथागतांनी ते संपवायची वाट दाखवली. आणि आसक्ती सोड म्हणजे आईला टाक, असा अर्थ काढायला तुझंच डोकं हवं. शाळेत अशीच शिकवत असशील, तर पोरांची कीव येते.

दुकानात मी एकटा आहे. शिवाय तू मोठी, शहाणी, प्रभूची लाडकी. तूच जा. शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. पण लोभ, द्वेष आणि मोह ही तीन विषं, त्यातलं पहिलंच ते, म्हणून लिहीत नाही. द्वेष मात्र अजून सुटलेला नाही.

बारक्या

ता. १७ फेब्रुवारी

बारक्यास,

आशीर्वाद संपले. तू आईकडे गेलास असं मी धरून चालते. गेला नसशील, तर तुझं निर्वाण तुला मुबारक. मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

ताई

ता. २ मार्च

चि. ताई आणि चि. बारक्या यांस,

आशीर्वाद. खाली कार्बन ठेवून दोघांना एकच पत्र लिहिते आहे. वरची प्रत कुणाला आली, यावरून भांडू नका.

एकमेकांना काय काय लिहिलंत, ते दोघांनीही मला मोठ्या हौसेने कळवलंत. सकाळी मी बारक्याने सांगितल्याप्रमाणे वेदनेकडे तटस्थपणे बघत बसायची, संध्याकाळी ताईने सांगितल्याप्रमाणे ती प्रभूला वाहायची. एकाचं ऐकलं आणि दुसऱ्याचं नाही, असं व्हायला नको म्हणून. परवा खालच्या किल्लीवाल्याला म्हटलं, पाय दुखतोय. कुठे, एवढंच त्याने विचारलं, आणि गाडीत घालून दवाखान्यात नेलं. खुब्याच्या हाडाला तडा गेला होता. त्यावर महिनाभर चालले, त्यामुळे आता हा पाय आखूडच राहणार, असं डॉक्टर म्हणतात.

छापखान्यात मी जन्मभर मुद्रितं तपासली. दुःखाला दोन ठिपके असतात, दुखण्याला नसतात. मी पाय दुखतोय असं लिहिलं, तुम्ही दोघांनी ठिपके घालून वाचलंत. तुमच्या दोघांच्याही धर्माची पुस्तकं माझ्या हाताखालून गेलीत. आजाऱ्याला भेटायला जा, असं प्रभू सांगतो. आजारी भिक्षूला तथागतांनी स्वतः पाणी घालून धुतलं. त्या पानांवर मला एकही चूक सापडली नव्हती.

मला राग आलाय. तो मी सोडणार नाही आणि कुणाला वाहणारही नाही. दोघंही या, एकाच दिवशी या. येताना काठी आणा. दुकानदार माझी उंची विचारेल. ती तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे, ते बघते.

लोभ असावा. हे दोन शब्द नीट तपासून लिहिलेत.

आई