दुसरा रिमोट

रिसोड, गुरुवार, दिवेलागणीची वेळ

आज बाजार होता आणि प्रमोद आला नाही. कोथिंबीर-मेथीच्या जुड्या विकल्या की रिकामे कॅरेट आमच्या अंगणात टाकून, हातही न धुता तो गेम खेळायला बसायचा. आज नुसता फोन.

"अबे, आपला गेम आता माह्या मशीनवर बी आला. कंपनीनं सोडला सगळ्यायसाठी. आता तुले तरास नाही."

चांगलं झालं, म्हटलं. काय चांगलं झालं? टीव्हीला जोडायचं माझं गेमचं मशीन ज्या कंपनीचं, फक्त त्यावरच तो गेम चालायचा; त्याचं मशीन दुसऱ्या कंपनीचं. कोणाचं भारी यावर भांडायचो, आणि या एका गेमवर मी जिंकायचो. म्हणून तर तो यायचा. की फक्त म्हणूनच यायचा? 

"घरूनच खेळू ना, ऑनलाइन," म्हणाला.

आईनं विचारलं, "प्रमोद काहून नाही आला रे? चहा ठेवू का नको?"

तो ज्यावर खेळायचा तो गेमचा दुसरा रिमोट टीव्हीजवळच आहे. बटणांच्या फटीत मळ्याची माती, वास मेथीचा. आई पुसायला गेली तर तिच्यावर उगाच खेकसलो.

शेवटी एकट्यानंच गेम लावला. दोघांचे गडी पोचल्याशिवाय त्यातला पूल उघडत नाही. प्रमोदचा गडी मागच्या बाजाराच्या दिवशी सोडला होता तिथेच उभा. त्याचा रिमोट उचलला आणि गड्याला पुलापर्यंत आणलं. मग वाटलं, आला तर विचारेल, माह्या गड्याले कोनं हलवलं?

परत नेऊन होता तिथंच उभा केला.